साहाय्याची विज्ञप्ती : एका दुर्लक्षित गद्यप्रकाराची चिकित्सा

१

मराठी समीक्षेने कथा, काव्य, नाटक, चरित्र व निबंध यांचा साक्षेपाने विचार केला. परंतु अर्ज, आवाहन, विज्ञप्ती या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या लेखनाकडे तिचे लक्ष फारसे गेले नाही. असे लेखन कचेरीच्या दप्तरात पडून राहते, त्याचे काम झाले की त्याचे आयुष्य संपते, आणि त्याचा हेतू उघडच व्यावहारिक असतो, ही या उपेक्षेची कारणे असावीत. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून महाराष्ट्रात ज्या लोकोपयोगी संस्था उभ्या राहिल्या, त्यांच्या पायाशी हेच लेखन आहे. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन करणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांनी गावोगाव हिंडून वर्गणी गोळा केली. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून केवळ एक पैसा मागावा या कल्पनेवर पैसाफंड उभारला. मागणे कोणाकडे, किती व कोणत्या शब्दांत करावे, याचा एक शास्त्रशुद्ध विचार या उद्योगांत अंतर्भूत होता. तो लिहून ठेवण्याची गरज मात्र कोणास वाटली नाही.

आरोग्यासाठी मागितलेला निधी हा या प्रकारातील सर्वांत अवघड विषय होय. येथे तीन पक्ष असतात : ज्याला दुःख आहे तो आर्त, ज्याच्याजवळ द्रव्य आहे तो दाता, आणि या दोहोंमध्ये उभा राहून लिहिणारा विज्ञापक. आर्त बहुधा स्वतः बोलू शकत नाही. दाता बहुधा दूर असतो. दात्याच्या मनात उतरेल असे चित्र विज्ञापकाला काढावे लागते, आणि ते काढताना आर्ताचे रूप दात्याच्या आवडीनुसार बदलण्याचा मोह त्याला पदोपदी होतो. म्हणून दात्याचे मन वळले की विज्ञप्ती सफल झाली, एवढे म्हणून समीक्षकाचे काम संपत नाही. ज्या शब्दांत ती दात्यापुढे मांडली त्याच शब्दांत ती आर्तापुढे वाचून दाखविता येईल काय, ही तिची दुसरी आणि अधिक कठोर कसोटी आहे. प्रस्तुत लेखात या कसोटीवर चार लेखने तपासली आहेत. त्यांपैकी पहिल्याचा संबंध थेट कल्याणशी आहे.

२

उल्हास नदी मोहन्यावरून पुढे कल्याणकडे येते. खाडीवरील या जुन्या बंदरगावी गणपतराव जोशी यांच्या घरी यमुना नावाच्या मुलीचे बालपण गेले. १८६५ मध्ये जन्मलेल्या या मुलीचा विवाह नवव्या वर्षी टपाल खात्यातील नोकर गोपाळराव जोशी यांच्याशी झाला आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला पुत्र झाला व तो दहा दिवसांत गेला. पुढे अमेरिकेत जाऊन वैद्यकाची पदवी मिळविणारी स्त्री म्हणून तिचे चरित्र सर्वश्रुत आहे. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये ते इंग्रजीत लिहिले, काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिले, आणि अलीकडे मीरा कोसंबी यांनी त्याची नव्याने छाननी केली. येथे प्रश्न चरित्राचा नसून आनंदीबाईंनी साहाय्य कसे मागितले, एवढाच आहे.

या मागणीची पहिली पायरी गोपाळरावांची होती, आणि ती चुकली. कोल्हापूरच्या मुक्कामात त्यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणाची सोय आणि स्वतःसाठी अमेरिकेत नोकरी या दोन गोष्टी एकदम मागितल्या. वाइल्डर यांनी पत्र आपल्या मासिकात छापले. परंतु त्यांचे उत्तर ख्रिस्ती धर्माच्या स्वीकाराकडे बोट दाखविणारे होते, आणि ती अट जोशी दांपत्यास मान्य नव्हती. या अपयशाची मीमांसा बोधप्रद आहे. पत्रातील हेतू दुहेरी होता. त्यात लोकांचे दुःख कोठेच नव्हते. आणि दात्याचे स्वतःचे प्रयोजन काय आहे, याचा अंदाज विज्ञापकाने घेतला नव्हता. पत्रास यश आले ते अनपेक्षित वाचकाकडून. न्यूजर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी ते मासिकात वाचले आणि पत्रव्यवहार सुरू केला. ज्याला उद्देशून लिहिले त्याने नाकारावे आणि तिसऱ्यानेच स्वीकारावे, असे या प्रकारात अनेकदा घडते. छापील विज्ञप्तीचा वाचक विज्ञापकाच्या हाती नसतो, ही गोष्ट पुढे पंडिता रमाबाईंच्या बाबतीत अधिक तीव्रतेने प्रत्ययास आली.

३

दुसरी पायरी आनंदीबाईंची स्वतःची होती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात त्यांनी इंग्रजीत भाषण केले. आपण अमेरिकेस का जात आहोत, याविषयी लोक जे प्रश्न विचारीत होते त्यांची उत्तरे देणे हा त्याचा विषय होता. भाषणाची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. आनंदीबाईंनी सहा प्रश्न क्रमाने मांडले : अमेरिकेसच का जावयाचे, हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय, एकटीनेच का जावयाचे, परतल्यावर जातीबाहेर पडावे लागणार नाही काय, परदेशात संकट ओढवले तर काय, आणि जे कोणत्याही स्त्रीने केले नाही ते हिनेच का करावे. शास्त्रीय वादपद्धतीतील पूर्वपक्षाचे हे निर्दोष उदाहरण होय. प्रतिपक्षाचे आक्षेप सौम्य करून मांडलेले नाहीत. ते जसे रस्त्यावर विचारले जात होते तसेच ठेवले आहेत. त्यांच्या उत्तरांतून जी प्रतिज्ञा सिद्ध होते ती अशी की हिंदू स्त्रीवैद्यांची गरज वाढत आहे, आणि ती भागविण्यासाठी त्या स्वतः पुढे येत आहेत. धर्म व आचार न सोडता जाऊन परत येण्याचा निश्चयही त्यांनी तेथेच बोलून दाखविला. भाषणास प्रसिद्धी मिळताच देशातून वर्गण्या येऊ लागल्या.

या भाषणाचे खरे महत्त्व त्याच्या श्रोत्यांत आहे. अमेरिकेकडे साहाय्य मागण्याआधी आनंदीबाईंनी आपली बाजू स्वदेशीय व संशयी लोकांपुढे मांडली. त्यामुळे पुढे परदेशी दात्यास जे सांगावयाचे त्याची मर्यादा आधीच ठरून गेली. श्रीरामपुरात जे सांगण्यास संकोच वाटला असता ते फिलाडेल्फियात सांगणे त्यांना शक्य राहिले नाही. वर उल्लेखिलेली दुसरी कसोटी त्यांनी पहिलीच्या आधी दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

तिसरी पायरी म्हणजे १८८३ च्या जूनमध्ये अमेरिकेस पोचल्यावर पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयास लिहिलेला प्रवेशाचा अर्ज. हा अर्ज अगदी थोडक्या ओळींचा आहे. न्यायशास्त्रातील प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन या पाच अवयवांची त्यात कशी मांडणी होते ते पाहणे उद्बोधक ठरेल. प्रथम आनंदीबाई आपली उणीव कबूल करतात : पूर्वशिक्षण नियमांच्या अपेक्षेइतके नसेल, म्हणून आपल्या प्रकरणाकडे अपवाद म्हणून पाहावे. मग मित्र व जात या दोहोंचा विरोध पत्करून येथवर आणणारा निर्धार त्या पुढे ठेवतात. त्यांचे म्हणणे असे की हाच निर्धार पुढील शिक्षण तडीस नेण्याचीही ग्वाही होय. त्यानंतर प्रयोजन येते : देशभगिनींना जे वैद्यकीय साहाय्य हवे आहे आणि पुरुष वैद्याच्या हातून घेण्यापेक्षा ज्या मरण पत्करतील, ते साहाय्य त्यांना मिळवून देणे.

या अखेरच्या वाक्यात संपूर्ण विज्ञप्तीचा हेतू दडलेला आहे. स्त्रिया दुःखी आहेत एवढेच त्यात म्हटले असते तर ती करुणेची याचना झाली असती, आणि करुणेस उत्तर म्हणून कोणतेही दान पुरते. आनंदीबाईंनी मात्र अडथळ्याचे स्वरूप सांगितले. वैद्य आहेत, औषधे आहेत, इस्पितळे उघडत आहेत. तरीही रुग्ण तेथवर जात नाही, कारण देणारा हात पुरुषाचा आहे. असे म्हटल्याबरोबर आणखी औषधे पाठविणे निरर्थक ठरते आणि स्त्रीवैद्य घडविणे हा एकच उपाय उरतो. हेतूतून निगमन आपोआप निघते. दात्यास दुसरा मार्ग राहत नाही. संस्थेने प्रवेश व शिष्यवृत्ती दिली. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक झाली, आणि कामास आरंभ होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले.

४

गुणांबरोबर या विज्ञप्तीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आनंदीबाईंची ‘देशभगिनी’ ही कल्पना दिसते तितकी व्यापक नाही. पुरुष वैद्य नाकारण्याचा प्रश्न जिच्या दाराशी वैद्य येऊ शकतो तिच्यापुढेच उभा राहतो. शेतमजूर, अस्पृश्य किंवा आदिवासी स्त्रीपर्यंत पुरुष वैद्यही पोचत नव्हता आणि स्त्रीवैद्यही. तिचे दुःख या अर्जाच्या हेतूत सामावत नाही. १८९७ च्या पुण्यातील प्लेगात सावित्रीबाई फुले ज्या वस्त्यांत रुग्णसेवा करीत होत्या व ज्या सेवेत त्यांचा अंत झाला, तेथील गरज वेगळी होती. तिची विज्ञप्ती कोणत्याही परदेशी समितीपुढे गेली नाही.

त्या काळी हाच विचार इतरत्रही चालू होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे पुण्यात साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी स्त्रीवैद्यांची मागणी केली. मुंबईत सोराबजी शापुरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज यांनी १८८३ मध्ये स्त्रीवैद्यांसाठी निधी उघडला, त्यातून डॉ. एडिथ पीची मुंबईस आल्या, आणि पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रियांसाठी व मुलांसाठी कामा इस्पितळ उभे राहिले. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाचा देशव्यापी निधी स्थापन झाला. पन्नाच्या महाराणीने आपला निरोप बारीक अक्षरांत लिहवून घेऊन लॉकेटमध्ये बंद करून राणी व्हिक्टोरियाकडे पाठविला, अशी जी आख्यायिका या निधीच्या इतिहासात सांगितली जाते, ती विज्ञप्तीच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे : मधल्या सर्व विज्ञापकांना वगळून आर्तानेच दात्याशी बोलावे, ही आकांक्षा तीत व्यक्त झाली आहे. या सर्व प्रयत्नांत मुंबईच्या निधीचे वैशिष्ट्य असे की त्याचे दाते आणि त्याचे रुग्ण एकाच शहरात राहत होते. इस्पितळ चालते की नाही, हे दात्यास येता-जाता दिसत होते. अशा ठिकाणी विज्ञप्तीची भाषा कमी अलंकृत राहते, कारण पडताळा जवळ असतो. दाता जितका दूर तितका शब्दावरील भार अधिक, असा नियम येथून काढता येईल.

५

दूरच्या दात्यासाठी मराठी विज्ञापकाने केलेले सर्वांत विस्तृत लेखन म्हणजे पंडिता रमाबाई यांचा ‘दि हाय-कास्ट हिंदू वूमन’ हा १८८७ मध्ये फिलाडेल्फियात प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ. त्याचा विषय वैद्यकाचा नसला तरी तो याच परंपरेतला आहे. आनंदीबाईंच्या पदवीदानास रमाबाई उपस्थित होत्या; आणि ज्यांच्या महाविद्यालयाने आनंदीबाईंना प्रवेश दिला त्या रेचल बॉडली यांचीच ग्रंथास प्रस्तावना आहे. समाजशास्त्रीय ग्रंथ म्हणून तो आज वाचला जातो. परंतु बाल्य, विवाहित जीवन, धर्मातील व समाजातील स्त्रीचे स्थान, वैधव्य आणि त्याचे समाजावरील परिणाम ही सर्व प्रकरणे अखेरच्या आवाहनाकडे नेणारी आहेत. ग्रंथाचे संविधान विज्ञप्तीचे आहे.

आनंदीबाईंच्या अर्जाशी त्याची तुलना केली असता तीन बाबतींत प्रगती दिसते. पहिली, रमाबाई संख्येचा आधार घेतात. १८८१ च्या शिरगणतीचे आकडे त्यांच्या युक्तिवादात ठिकठिकाणी येतात. दुसरी, त्या आपल्या विषयाची मर्यादा ग्रंथाच्या नावातच नमूद करतात. आपण उच्चवर्णीय स्त्रीविषयीच बोलत आहोत, हे त्या लपवीत नाहीत. तिसरी आणि महत्त्वाची, त्या साहाय्याची मुदत सांगतात. बॉस्टनमध्ये डिसेंबर १८८७ मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने विधवागृहास दहा वर्षे आधार देण्याचे पत्करले. दान अमर्याद न मागता ठराविक काळासाठी मागणे आणि त्या काळात संस्था काय होईल हे सांगणे, ही विज्ञापकाची जबाबदारी रमाबाईंनी ओळखली होती.

तरीही दुसऱ्या कसोटीवर हा ग्रंथ अडखळतो. आनंदीबाईंनी आपली बाजू प्रथम स्वदेशात मांडली होती. रमाबाईंचा ग्रंथ प्रथम अमेरिकेत वाचला गेला. शास्त्रवचनांची निवड व दुःखाच्या चित्रणाचा गडदपणा या दोहोंवर अमेरिकन वाचकाच्या अपेक्षांची छाया पडलेली आहे. त्यातील दुःख खोटे नव्हते. परंतु त्याच समाजातील जे प्रयत्न त्या दुःखाविरुद्ध चालले होते ते चित्रात मागे पडले. त्याहूनही मोठी अडचण वचनाच्या अर्थाची होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढे पुण्यास गेले. तेथे धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती होणार नाही, असे ठरले होते. बॉस्टनच्या वाचकाने या वचनाचा अर्थ ‘प्रत्येकीस आपल्या मनाप्रमाणे वागण्याची मोकळीक’ असा घेतला; पुण्याच्या वाचकाने तो ‘धर्मांतरास वाव नाही’ असा घेतला. १८९३ मध्ये हे दोन अर्थ समोरासमोर आले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार या नात्याने असलेला संबंध सोडला आणि वृत्तपत्रांत वादळ उठले. या वादात दोष कोणाचा, हा येथील विषय नाही. समीक्षेच्या दृष्टीने एवढे नोंदवावयाचे की विज्ञप्तीतील ज्या शब्दाचे दोन वाचकांसाठी दोन अर्थ होऊ शकतात, तो शब्द पैसा मिळविताना सोयीचा आणि संस्था चालविताना घातक ठरतो.

६

आनंदीबाईंच्या विधानाकडे पुन्हा वळले पाहिजे. पुरुष वैद्याकडे जाण्यापेक्षा स्त्रिया मरण पत्करतात, हे त्यांनी १८८३ मध्ये सांगितले. परंतु अशा स्त्रिया किती आणि त्यांना कोणते रोग, हे सांगण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. जी रुग्णा वैद्याकडे जातच नाही तिची नोंद कोणत्याही इस्पितळाच्या वहीत सापडत नाही. हा पुरावा मिळण्यास शतक उलटावे लागले, आणि तो महाराष्ट्रातच मिळाला.

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांचा दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारलेला निबंध १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तक्रार घेऊन आलेल्या रुग्णांपुरते न थांबता गावातील स्त्रियांची तपासणी केली, ही त्याची पद्धती होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक वा अधिक रोग आढळले; आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे आनंदीबाईंचे वाक्य संख्येत उतरविलेले रूप होय. शिवाय ही खेडी गडचिरोलीची असल्याने, १८८३ च्या अर्जाबाहेर राहिलेल्या स्त्रीचा समावेश येथे प्रथमच झाला.

हा निबंध निधीची मागणी नव्हे. त्यात कोणासही आवाहन नाही. तरीही लोकसंख्यानियंत्रण आणि बाळंतपण यांच्यापलीकडे स्त्रीचे आरोग्य असते, हे जगातील आरोग्यसंस्थांना पटवून देण्यात त्याचा मोठा वाटा आहे. येथे एक वाङ्मयीन प्रश्न उपस्थित होतो. आवाहन नसलेले लेखन आवाहनाहून प्रभावी का ठरावे? याचे उत्तर त्याच्या वाक्यरचनेत आहे. विशेषणे जवळजवळ नाहीत. दुःखाचे वर्णन नाही. जे मोजले ते सांगितले आहे आणि मोजण्याची रीत सांगितली आहे. त्यामुळे कोणत्याही वाचकास ते पुन्हा मोजून पाहता येते. याच संस्थेच्या १९९९ मधील निबंधात ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरी जाऊन नवजात अर्भकांची काळजी घेतल्याचा परिणाम ४७ तुलनात्मक गावांशी ताडून दाखविला आहे, आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे सिद्ध केले आहे. २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरपोच नवजात बालसेवेचा कार्यक्रम हाती घेतला, त्यामागे हा पुरावा होता. पंचावयवी वाक्यातील जे ‘उदाहरण’ आनंदीबाईंच्या अर्जात अनुपस्थित होते ते येथे भरून निघाले.

मात्र आकडा हाही विज्ञापकाच्या हातातील एक शब्दच असतो, हे विसरता कामा नये. ९२ टक्के हा आकडा त्या स्त्रियांनी तपासणीस संमती दिल्यामुळे निघाला. आणि ती संमती तपासणारी वैद्य स्त्री होती म्हणून शक्य झाली. पुराव्यापूर्वी विश्वास मिळवावा लागतो, आणि तो विश्वास निबंधाच्या कोष्टकांत दिसत नाही.

७

आता या परंपरेच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावयाचे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये आपल्या अर्थसाहाय्यासाठी ‘निरोगी परतावा’ अशा अर्थाच्या नावाची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचे मुख्य प्रतिपादन असे की संघटनेत घातलेल्या प्रत्येक डॉलरामागे जगास किमान ३५ डॉलरांचे मूल्य परत मिळते. विज्ञप्तीऐवजी येथे ‘गुंतवणुकीची मांडणी’ हा शब्द आला आहे, आणि शब्दाबरोबर नातेही बदलले आहे. दाता हा आता भांडवल घालणारा, आणि आर्त हा परताव्याचे साधन.

ही भाषा केवळ थट्टेचा विषय करणे अन्यायाचे होईल. संघटनेची अडचण खरी होती. सदस्य राष्ट्रांनी भरावयाच्या ठराविक वर्गणीचा वाटा तिच्या अंदाजपत्रकात एक-पंचमांशाहूनही कमी झाला होता. उरलेला पैसा ऐच्छिक देणग्यांतून येई आणि त्यातील बराचसा दात्याने ठरविलेल्या कामासाठीच खर्चावा लागे. त्याच वर्षीच्या जागतिक आरोग्य परिषदेने ठराविक वर्गणी मूळ अंदाजपत्रकाच्या निम्म्यापर्यंत क्रमाने वाढविण्याचे उद्दिष्ट मान्य केले. ही मान्यता मिळवावयाची ती राष्ट्रांच्या अर्थखात्यांकडून. आणि अर्थखात्यास पटणारी भाषा परताव्याची असते. शिवाय या भाषेत एक प्रतिष्ठा आहे. तीत कोणाचेही दैन्य विक्रीस मांडलेले नाही, कोणत्याही देशाच्या चालीरीतींचे गडद चित्र नाही. रमाबाईंच्या ग्रंथावर जो आक्षेप येतो तो या पुस्तिकेवर येऊ शकत नाही.

परंतु या भाषेची किंमतही मोजावी लागते. परतावा मोजावयाचा तर तो कशात तरी मोजावा लागतो, आणि जे सहज मोजता येते तेच हिशेबात येते. जी रुग्णा कोणत्याही वहीत नाही तिच्या उपचाराचा परतावा शून्यच दिसेल. आनंदीबाईंच्या विज्ञप्तीतील केंद्रस्थानी असलेली स्त्री या कोष्टकातून प्रथम गळते. आणखी एक विपरिणाम असा की परताव्याचे वचन दिले म्हणजे तो कमी झाल्यास साहाय्य मागे घेण्याचे कारणही दात्याच्या हाती दिले जाते. ज्या रोगाचा उपचार महाग व दीर्घ आहे त्याच्या रुग्णाचा साहाय्यावरील हक्क या युक्तिवादाने दुबळा होतो. या दृष्टीने रमाबाई असोसिएशनचे दहा वर्षांचे आश्वासन विचारात घेण्यासारखे आहे. ते वचन विशिष्ट संस्थेला व विशिष्ट काळासाठी होते. प्रत्येक विधवेच्या शिक्षणाचा परतावा काय, असा हिशेब त्याच्या मुळाशी नव्हता. जी संस्था दरवर्षी नव्या दात्यासाठी नवी मांडणी करते, ती हळूहळू त्या मांडणीच्याच आकाराची होते. हे विज्ञप्तिलेखनाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी दिसणारे संकट होय.

८

या चार लेखनांतून निघणारे निष्कर्ष दूरच्या राजधान्यांपुरते मर्यादित नाहीत. ज्या मोहन्यावरून उल्हास नदी कल्याणकडे वाहते, त्या मोहन्याचेच उदाहरण घेता येईल. तेथील नॅशनल रेयॉनचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. कारखान्याभोवती वाढलेल्या कोणत्याही वस्तीत आरोग्याची सोय बहुधा नोकरीशी बांधलेली असते. कामगाराचा विमा त्याच्या वर्गणीवर चालतो आणि वर्गणी पगारावर. नोकरी तुटली की वैद्य, औषध व इस्पितळ गावात असूनही त्या कुटुंबापासून दूर जाते. अशा वस्तीसाठी कोणी आरोग्यनिधीची विज्ञप्ती लिहावयास बसला तर त्याच्यापुढे दोन वाटा राहतील. एक, बंद भोंगा, गंजलेली फाटके आणि हताश चेहरे यांचे वर्णन करून दात्याच्या मनात कालवाकालव उत्पन्न करण्याची. दुसरी, आनंदीबाईंची : साहाय्य आणि रुग्ण यांच्यामध्ये नेमका कोणता अडथळा आहे, ते एका वाक्यात सांगण्याची. पहिल्या वाटेने कदाचित एखादे आरोग्यशिबिर मिळेल. दुसरीने प्रश्न विम्याच्या रचनेपर्यंत जाईल, आणि तेथेच तो सुटण्याचा संभव आहे.

यावरून या गद्यप्रकाराचे काही निकष स्थूलमानाने सांगता येतात. विज्ञप्तीचा हेतू दुःखाच्या वर्णनात नसून अडथळ्याच्या निदानात असावा. निदान अचूक असेल तर मागणी त्यातूनच निघते. संख्या असावी, परंतु ती कशी मोजली हेही सांगावे. ज्यांच्याविषयी बोलावयाचे नाही त्यांची मर्यादा रमाबाईंप्रमाणे शीर्षकातच नमूद करावी. वचनातील प्रत्येक शब्दाचा अर्थ दाता व आर्त या दोघांनाही एकच लागेल अशी दक्षता घ्यावी. आणि शेवटी, जे लिहिले ते प्रथम ज्यांच्यासाठी मागावयाचे त्यांच्यापुढे वाचावे.

या पाचव्या निकषास व्यवहारात सर्वांत कमी मान मिळतो. निधीचे अर्ज प्रायः इंग्रजीत लिहिले जातात; ज्यांच्या नावाने ते लिहिले जातात त्यांना ते वाचता येत नाहीत, आणि वाचून दाखविण्याची प्रथाही नाही. आनंदीबाईंचे भाषणही इंग्रजीतच होते, हे खरे. ज्या स्त्रियांसाठी त्या बोलत होत्या त्यांच्यापैकी फारच थोड्यांस ते समजले असते. तथापि ज्या समाजातून त्या जात होत्या त्याच्यासमोर उभे राहून, त्याचेच प्रश्न त्याच्याच शब्दांत मांडून उत्तर देण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. विज्ञप्ती मराठीत लिहून वा तिचा मराठी पाठ तयार करून ती मोहन्यासारख्या वस्तीत वाचावी, तेथील लोकांनी आक्षेप घ्यावेत आणि त्या आक्षेपांसह ती दात्याकडे जावी, अशी पद्धत रूढ झाली तर श्रीरामपूरच्या त्या सहा प्रश्नांची परंपरा पुढे चालू राहील. अशा मराठी पाठांचा संग्रह व त्यांची चिकित्सा हे मराठी समीक्षेस यापुढे करता येण्यासारखे काम आहे.